तिसऱ्या दिवसाची चिंधी

भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं... यातलं मी काही मानत नाही. हे झाल्यावरही नाही. मी भूगोलाची विद्यार्थिनी, जे मोजता येतं तेच खरं म्हणणारी. पण माझ्याच हातून जे झालं ते मला आजही मोजता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. नाव देत नाही, बायकांनी तसं बजावलंय. मार्चनंतर सगळ्या गावाला एकच विहीर. माझी सातवी-आठवीची वर्षं आधी पाणी, मग शाळा अशी गेली... बरेच दिवस नुसतं पाणीच. आई शाळेत गेलेली नाही. घरात दहावीच्या पुढे कुणी नाही. मी खोपोलीपर्यंत जाऊन कॉलेज करते याचं गावाला कौतुक कमी, हसू जास्त.

शेवटच्या वर्षाला संशोधन पेपर होता. विषय — जागतिक पाणीटंचाई. बाकीच्यांनी नेटवरून आफ्रिका, ऑस्ट्रेलिया उतरवलं. मी सरांना म्हटलं, मी आमची विहीर मोजते.

"मनीषा, प्रश्न जगाचा आहे, तुझ्या विहिरीचा नाही."

"सर, जग कुठून तरी सुरू होणारच ना."

हसले, पण हो म्हणाले. मग काय, मी टेप विकत घेतला. रोज सकाळी काठावरून पाण्यापर्यंत टेप सोडायचा आणि वहीत लिहायचं. पाणी रोज बोट-दोन बोटं खाली. महिनाभर एकही दिवस चुकवला नाही.

मे महिन्यात तोंडी परीक्षा आल्या. चार दिवस म्हणून मी कॉलेजजवळ, शिळफाट्याला मावशीकडे राहायला गेले. टेप बॅगेतच. टेप माझ्याकडे म्हणजे तिकडे मोजणी बंद, असं मी धरून चालले! आणि पेपरची आकडेवारी द्यायची शेवटची तारीख नेमकी पाचवा दिवस.

खरं सांगते, मी ते चार आकडे बनवले. कॉलेजच्या लायब्ररीत, भर दुपारी, पंख्याखाली बसून. पहिला दिवस — दोन बोटं खाली. दुसरा — दोन बोटं खाली. तिसऱ्या दिवशीही तेच लिहायचं होतं. मी लिहिलं, दीड हात वर.

वाचलं तेव्हा मीच दचकले. खोडलं. पुन्हा लिहायला गेले... पुन्हा तेच! पेन माझंच, अक्षर माझंच. अंगात कणकण नाही, चक्कर नाही. चौथ्या दिवसासमोर मात्र हाताने गपचूप 'खाली' असंच लिहिलं. तेवढ्यात सर आले. "झालं का? दे." कागद गेला.

परीक्षा लांबली म्हणून मावशीकडेच होते, पण दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. जेवताना उठायचे, मावशी म्हणायची, "बस की गं, मुंग्या चावतायत का?" तिसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं.

"मेमध्ये, पावसाचा थेंब नसताना विहिरीचं पाणी दीड हात वर?"

त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला.

"सोमवारपर्यंत पुरावा आण. एक आकडा खोटा निघाला तर अख्खा पेपर खोटा. मग पदवीचं पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष म्हणजे काय ते मला माहीत होतं. घरात लग्नाचं बोलणं चालूच होतं.

रविवारी सकाळी जीपने गावाला गेले, तडक विहिरीवर. तिथे आई आणि शेजारची सुमनकाकी.

"आली गं कलेक्टरीनबाय!" काकी ओरडली. "टेप आनलास का? तुझ्याबिगर हीर मोजायची राहिली बघ!"

"राहिली नाय," आई म्हणाली. "मी मोजलीया."

आणि तिने दोर दाखवला. ती रोज सकाळी दगड बांधून दोर सोडायची. दगड पाण्याला टेकला की काठाशी दोराला चिंधी बांधायची. त्यावरून त्या दिवशी घरटी किती हंडे ते ठरायचं. लहानपणापासून मी हे बघितलंय. पण ही मोजणी आहे हे टेपवाल्या माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

"एरवी जुनी सोडून नवी बांधते. तू चार दिस सांगून गेलीस, म्हनून ही चार तुझ्यासाठी ठिवली. एका गाठीची पयल्या दिवसाची, दोन गाठींची दुसऱ्या... तू इचारशील म्हनून."

मी टेप लावला. पहिली चिंधी माझ्या आकड्याशी जुळेना. दुसरीही नाही. चौथीही नाही. तीन गाठींची चिंधी मात्र दगडाकडे सरकलेली... दुसरीपेक्षा बरोबर दीड हात.

"आई, त्या दिवशी पाऊस पडलेला?"

"कुठला पाऊस गं! आमीबी तीनदा दोर सोडला. दुसऱ्या दिवशी पानी परत खाली."

"मी तर गोदड्या धुऊन घेतल्या," काकी म्हणाली. "मे महिन्यात! सासू जित्ती असती तर तिलाच येड लागलं असतं."

मी तिथेच काठावर बसले. आईला वाटलं उन्हाने. मग मी तिला सगळं सांगितलं. आई काकीसमोर एवढंच म्हणाली, "उद्या सरास्नी खरं सांग. आनि दोर घिऊन जा. परत आन मातर, आमाला पानी काढायचंय."

सोमवारी दोर सरांच्या टेबलावर ठेवला आणि आकडे मी बनवलेत हेही सांगितलं. सरांनी एकेक चिंधी मोजली. पाणी का चढलं याबद्दल त्यांनी दोन-तीन शक्यता सांगितल्या, जमिनीखालचा झरा वगैरे. असेल. मग मी विचारलं, "सर, पण मी ते शिळफाट्याला राहून, न बघता, कसं लिहिलं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि तिसरी चिंधी पुन्हा मोजली.

अजून आकडा लिहिताना हात तिसऱ्या ओळीपाशी थबकतो.

माझे चार आकडे काढून तिथे चार चिंध्यांची मापं घातली. खाली लिहिलं, मोजणी : आई, आणि तिचं पूर्ण नाव. पेपर मान्य झाला. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली.