वासंतीताईंची डावी बाजू

"मशीन गंडलंय," गिरीश म्हणाला. "परत कॅलिब्रेशन कर."

मी तिसऱ्यांदा केलं. कॅलिब्रेशन म्हणजे मशीनला माणसाच्या डोळ्यांची ओळख करून देणं. स्क्रीनवर एकेक टिंब येतं, त्याच्याकडे बघायचं, बस. वासंतीताईंनी सगळी टिंबं पकडली, अगदी डावीकडचीसुद्धा. मशीन ठीक होतं.

आमचं ऑफिस अंधेरीत. लोकांची नजर कुठे जाते ते मोजून द्यायचं, हा आमचा धंदा. साबणाची खोकी, शाम्पूच्या बाटल्या, रोज हेच. नजर थांबेल तिथे लाल ठिपका उमटतो.

वासंतीताई मुलुंडच्या, साठीच्या चित्रकार. त्यांच्या चित्रात नुसते रंग आणि आकार. चेहरा असला की डोळे आपसूक तिकडे धावतात. काहीच ओळखीचं नसेल तर लक्ष कुठे फिरतं, हे त्यांना प्रदर्शनाआधी बघायचं होतं. सहा जणांना आम्ही त्यांचं एक जुनं चित्र दाखवलं. ठिपके चित्रभर पांगले. मग त्या म्हणाल्या, "आता मला बसव ना गं."

त्यांचे सगळे ठिपके उजव्या अर्ध्यात पडले. डावीकडे एकही नाही, तिन्ही कॅलिब्रेशननंतरही.

"चहा नाही का आला अजून?" त्यांनी विचारलं.

कप त्यांच्या डाव्या हाताशी होता. वर साय धरली होती.

मी उगाच म्हटलं, "ताई, नवीन चित्र आणलंय ना? दाखवा की."

त्यांनी कॅनव्हास उघडला. उजवीकडे गच्च निळा, जांभळा. डावा अर्धा भाग कोरा.

"हे अजून व्हायचंय ना?"

"नाही गं. पूर्ण झालंय. कोपरा न् कोपरा भरलाय."

गिरीश हसला. त्याला गंमत वाटली. मी त्या कपाकडे पाहिलं, मग स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे.

"गिरीश, गाडी बोलव. हॉस्पिटलला जायचंय."

"अगं, आणि रिपोर्ट?"

"खड्ड्यात गेला रिपोर्ट!"

ताई वैतागल्या. "मला काय झालंय?" वाटभर त्या हेच विचारत होत्या. मलाच कुठे ठाऊक होतं?

मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक निघाला, काही दिवसांपूर्वीचा. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. लक्ष डावीकडे जायचंच थांबलंय. आणि थांबलंय हे त्यांना स्वतःला कळत नाही. उशीर झालाय, पण दुसरा झटका यायच्या आत आणलंत."

औषधं, व्यायाम यात चार महिने गेले. प्रदर्शन पुढे ढकललं. आता डावी बाजू बरीचशी परत आलीय. थकल्या की ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर अजून तशीच राहते. तो कॅनव्हास त्यांनी पुन्हा पाहिला तेव्हा मी शेजारी होते. त्यांनी कोऱ्या भागावरून हात फिरवला. "अगं बाई, हे मी केलं?"

ताईंना दाखल केलं त्या दिवशी हॉस्पिटलमधून ऑफिसला आले, तर ताईंचं रेकॉर्डिंग 'खराब डेटा'च्या फोल्डरमध्ये पडलं होतं. गिरीशने सवयीने टाकलेलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, वर्षानुवर्षं करत आलेय. आता आमच्याकडे एक नियम आहे. त्या फोल्डरमध्ये काही टाकण्याआधी उठून त्या माणसासमोर बसायचं आणि दोन मिनिटं त्याच्याशी बोलायचं.