कळमेश्वरच्या खोक्यांची केस

भावना रामटेके दिल्लीहून परत आल्या आणि सिव्हिल लाइन्समध्ये त्यांनी ‘स्पर्धा कायदा’ अशी पाटी लावली, तेव्हा सुरुवातीला चौकशीला यायची ती एमपीएससीची पोरं. क्लास कधी सुरू होणार, फी किती? बाई त्यांना पाणी देऊन समजावायच्या, की बाबांनो, धंदेवाले आपसांत ठरवून भाव बांधतात ना, त्यांना पकडायचा हा कायदा आहे.

दिल्लीत त्यांनी अशा पुष्कळ टोळ्या उघड्या पाडल्या होत्या. त्या कामानं नाव दिलं, आणि एक खोडही लावली. दोन माणसं एकच वाक्य बोलली, की बाईंच्या कपाळावर आठी चढायची. घरी नवरा आणि मुलगी एका सुरात ‘आज बाहेर जेवू’ म्हणाले, तरी त्या विचारायच्या, “तुमचं आधी काय ठरलं?”

एक दिवस कळमेश्वरहून मधुसूदन पांढरीपांडे आले. त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना.

“मॅडम, सारे खोकेवाले एक होऊन राहिले,” ते म्हणाले. “औषध कंपनीले यंदा कोण माल देईल, काय भाव लावेल, सारं आधीच ठरते. मले कोणी उभं नाही करत.”

बाईंनी केस घेतली. ज्युनिअर उन्नती कामाला लागली. पण तक्रार दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे जायच्या आधीच विचित्र प्रकार घडायला लागले. खोकेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले मेसेज मागायचे, असं बाईंच्या चेंबरमध्ये ठरलं आणि दोन-चार दिवसांत तो ग्रुपच बंद झाला. जो मॅनेजर बोलायला तयार होता, तो अचानक गावाला निघून गेला. चेंबरमधल्या गोष्टी बाई, उन्नती आणि मधुसूदनराव या तिघांनाच ठाऊक होत्या. आणि उन्नतीचा मामा खोक्यांच्याच एका कारखान्यात कामाला होता.

बाईंनी उन्नतीला काही विचारलं नाही. फक्त फाइल आपल्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. ती आत आली, की फोनवरचं बोलणं आवरतं घ्यायच्या. मग उन्नतीनंच एकदा दार लोटून घेतलं.

“मॅडम, तुम्ही माझ्यावर शक घेऊन राहिल्या का?”

“तसं काही नाही गं.”

“मग कपाटाले कुलूप काहून?”

बाई समोरचे कागद चाळायला लागल्या. उन्नती बाहेर गेली, तरी त्यांना काम सुचेना. पोरीच्या आवाजात भीती नव्हती, दुखावलेपण होतं. पण चांगला नट तेही आणतो, असंही मनात आलंच.

शेवटी त्यांनी दोघांना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या. उन्नतीला म्हणाल्या, अमरावती रोडच्या हॉटेलातल्या बैठकीचा पुरावा मिळाला. मधुसूदनरावांना सांगितलं, काटोल रोडच्या गोदामातल्या बैठकीचा साक्षीदार सापडला. पुढच्याच आठवड्यात बार रूममध्ये खोकेवाल्यांचे वकील चहा घेता घेता सहज म्हणाले, “त्या गोदामात आमचं कोणी गेलंच नव्हतं बरं, रामटेके मॅडम.”

त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

मधुसूदनरावांना बाईंनी समोर बसवलं. आधी ते हसले, मग घाम पुसायला लागले.

“मीबी त्यातच होतो, मॅडम,” ते शेवटी म्हणाले. “माझा वाटा कमी केला त्यांनी. वाटलं, केसची भीती दाखवली तर वाढवून देतील, म्हणून इथलं सारं त्यांच्या कानावर घालत गेलो.”

“म्हणजे मी तुमचं बुजगावणं?”

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

“असली केस मी चालवणार नाही,” बाई म्हणाल्या. “एकच रस्ता आहे. त्या टोळीतला जो पहिला आयोगाकडे जाऊन सगळं खरं सांगेल, त्याला कायदा सवलत देतो. जाता, की दुसरा वकील बघता?”

ते गेले. आयोगानं चौकशी करून सगळ्या खोकेवाल्यांना दंड ठोकला, मधुसूदनरावांना बराच कमी. आता कळमेश्वरमध्ये त्यांच्याशी धड कोणी बोलत नाही.

मधुसूदनरावांनी कबुली दिली त्या संध्याकाळीच बाई नंदनवनला उन्नतीच्या घरी गेल्या. “चुकलं माझं,” इतकंच म्हणाल्या. उन्नतीनं चहा दिला, नीट बोलली, खोक्यांच्या केसचं काम शेवटपर्यंत केलं आणि मग दुसऱ्या वकिलांकडे गेली. जाताना ती हसत होती. ते हसू मनापासूनचं होतं की कसं, याचा विचार भावनाबाई अजून करतात.