सायकलवरची वाघीण

बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स करून मी पोंभुर्ण्याकडच्या एका वनपरिक्षेत्र कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागले. वनरक्षक जंगलात फिरून येत, काय दिसलं ते सांगत आणि मी ते टाइप करी. सगळं मराठीत असल्यामुळे कुठे अडत नव्हतं. मग परराज्यातले एक साहेब प्रशिक्षणाचा भाग म्हणून आमच्या कार्यालयाचा कारभार पाहायला आले. मराठी मोडकंतोडकं बोलायचे, पण वाचायला त्यांना फार वेळ लागायचा. त्यांनी रोजचा अहवाल इंग्रजीत मागितला.

मी दहावीला इंग्रजीत कशीबशी पास झाले होते.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेले एक वनरक्षक होते. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला बाई. एका सकाळी ते आले, घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "लिवा बाई. नाल्याजवळ वाघीण दिसली, दोन पिल्लं होती संगं. मी सायकलवर होतो."

मी एकेक शब्द इंग्रजीत मांडत गेले. फॉरेस्ट गार्ड सॉ अ टायग्रेस विथ टू कब्स ऑन बायसिकल. भाऊंनी खाली सही केली.

साहेबांनी ते वाक्य मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं आणि हिंदीत विचारलं, सायकल कोण चालवत होतं, गार्ड की वाघीण? सगळे हसले. मीही हसले, हे कबूल करायला हवं. कोणीतरी कागदाचा फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत त्यावर एक चित्रही आलं. वाघीण पॅडल मारतेय आणि कॅरिअरवर दोन पिल्लं. फोटोत भाऊंची सही स्पष्ट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांना एकाने विचारलं, "काय भाऊ, ट्रिपलसीट का?" भाऊंनी चहा संपवला आणि ते निघाले. वाक्य माझं होतं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ते पायी येऊ लागले. मी विचारलं तर म्हणाले, "चेन उतरते." तिसऱ्या दिवशी सही करताना त्यांचा हात थांबला.

"बाई, मले इंग्रजी येत नाई. पन लोकं काऊन हासून राह्यले, येवढं समजते मले."



रविवारी मी बसने सावली गावी माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमकडे गेले. वाक्य वाचून त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "यात क्रियापद कोणतं?"

"सॉ."

"मग ते बाजूला ठेव आणि उरलेल्याचे गट पाड. एकेका गटाला फ्रेज म्हणतात."

फॉरेस्ट गार्ड ही नाउन फ्रेज. टायग्रेस विथ टू कब्स हीसुद्धा नाउन फ्रेज, पिल्लांसकट एकच. ऑन बायसिकल ही प्रिपोझिशनल फ्रेज. हे मी शाळेत पाठ केलं होतं, त्यावरचे मार्कही घेतले होते. पण त्याचा उपयोग काय, ते मला कधी कळलं नव्हतं.

"फ्रेज एकटी उभी राहत नाही," मॅडम म्हणाल्या. "शेजारी जो असेल त्याला चिकटते. तू सायकल पिल्लांच्या शेजारी ठेवलीस. मराठीत तू 'सायकलवरून जाताना' म्हटलं असतंस ना? तेच इंग्रजीत आण आणि गार्डच्या आधी ठेव."

रायडिंग हिज बायसिकल, द फॉरेस्ट गार्ड सॉ अ टायग्रेस विथ टू कब्स. या पहिल्या गटाला पार्टिसिपल फ्रेज म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मग बसची वेळ होईपर्यंत माझ्याकडून वीस-पंचवीस वाक्यं करून घेतली.

सोमवारी मी नवा कागद साहेबांपुढे ठेवला आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. त्यांनी तो वाचला. मग म्हणाले, मीटिंगमध्ये वाचायला नको होतं. ग्रुपवर मी लिहिलं, "भाऊंनी बरोबर सांगितलं होतं. चुकीचं मी लिहिलं." तासाभराने ते चित्र काढून टाकलेलं दिसलं.

भाऊंचा फोन साधा होता, म्हणून मी त्यांना तोंडी सांगितलं आणि नवा कागद सहीसाठी पुढे ठेवला.

"तुमाले लिवाले कोनं सांगतलं?"

"कोणीच नाही."

"बरं," ते म्हणाले. "आता हे पुरं मराठीत सांगा. मंग सही करतो."

मी ओळ न ओळ सांगितली. पुढे रोज तसंच चाललं. त्यांचं पाहून बाकीचे वनरक्षकही सहीआधी ऐकायला थांबू लागले. अर्धी दुपार त्यातच जायची, बाकीचं टायपिंग मागे पडायचं, आणि साहेब दोनदा माझ्यावर चिडलेही.

वर्षभराने साहेब गेले आणि अहवाल परत मराठीत सुरू झाले. भाऊही निवृत्त झाले. पण वनरक्षक मंडळी अजून सहीआधी मला वाचून दाखवायला लावतात. परवा एकाने सही थांबवली, "मी तळ्याच्या उजवीकडे म्हटलं होतं, तुमी डावीकडे लिवलं." मी दुरुस्त करून पुन्हा प्रिंट काढली.