चालू मशीनचा पार्ट

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या माझ्या दुकानाच्या मागच्या मोरीत छपाईची फ्रेम धूत होते. जाळीवरची शाई एकदा वाळली की जाळी कायमची बुजते, म्हणून फोन खांद्यात धरून हात चालूच ठेवले होते. "वन्सं, ह्यांनी डोळं मिटलं ओ..." एवढंच माझी भावजय म्हणाली, आणि मग फोनवर दुसऱ्याच कुणाचे आवाज यायला लागले, कुणीतरी तिला बसवत होतं. मी नळ बंद केला नाही. फ्रेम धुतली, उन्हाला उभी केली, हात पुसले, चपला घातल्या आणि स्टँडवर गेले. सांगलीची गाडी लागलेलीच होती. कराडपर्यंत डोळ्यांत टिपूस नव्हता. पुढं शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "कुठवर?" आणि माझ्या तोंडून "भावाकडं" असं निघालं... मग मात्र मला कुणी थांबवू शकलं नसतं. ती बाई बिचारी सांगलीपर्यंत माझी पिशवी सांभाळत बसली होती.

विलास माझ्या पाठचा. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत त्याचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. लग्नपत्रिका, हळदीच्या पुड्यांची लेबलं, मंडळांचे टी-शर्ट, निवडणूक आली की टोप्या. पण पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी लोक त्याच्याकडे छपाईला कमी आणि पार्टला जास्त यायचे. आमच्या धंद्यातली निम्मी मशीनं अशा कंपन्यांची आहेत ज्यांना टाळं लागून जमाना झाला. ज्या चालू आहेत त्यांना फोन केला की पलीकडचा गोड आवाजात सांगतो, मॅडम, तो पार्ट आता येत नाही, नवीन मॉडेल बघा. नवीन मॉडेल बघायला आमच्यासारख्यांची ऐपत असती तर जुन्याला इतकी वर्षं कशाला गोंजारलं असतं? अशा वेळी जतपासून मेढ्यापर्यंतचे छोटे छपाईवाले विलासला गाठायचे. तो मोडका पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात टाकायचा आणि बाजारात हिंडायला निघायचा. कधी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे, कधी सायकलच्या दुकानात, कधी गुऱ्हाळाच्या सामानात, आणि भंगारवाल्यांकडे तर त्याचं माहेरच होतं. शिलाई मशीनची स्प्रिंग आमच्या फ्रेमच्या बिजागरीला बसते हे कुणाला ठाऊक होतं? ती बसते. माझ्या दुकानात अजून बसलेली आहे.

दुसऱ्या धंद्यातून आणलेल्या अशा पार्टला तो 'पावणा' म्हणायचा. "नवा पावणा आलाय, चार दिवस त्याच्या कलानं घ्या, रुळंल," असं तो गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा. सगळेच पाहुणे काही रुळायचे नाहीत. एकदा शाई ओढायचं रबर मिळेना, तेव्हा पठ्ठ्यानं हळद पॉलिश करण्याच्या कारखान्यातनं निघालेला जाड पट्टा आणला, सोड्यानं धुतला, ब्लेडनं सरळ कापला आणि लावला. रबर झकास चाललं. पण त्या पट्ट्यात वर्षानुवर्षांची हळद मुरलेली. शाईतल्या थिनरनं ती हळूहळू बाहेर काढली आणि पांढऱ्याशुभ्र पत्रिकांच्या गठ्ठ्याला वरपासून खालपर्यंत पिवळी झाक आली. मी त्या दिवशी तिथंच होते. नवरीचा बाप आला, पत्रिका हातात धरून बघतच राहिला, तर विलास शांतपणे म्हणतो, "मामा, लोकं पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळद लावत्यात. आमी सगळ्या पत्रिकेलाच लावली." तो माणूस आधी गोंधळला आणि मग इतका हसला की बसायला स्टूल द्यावं लागलं. पत्रिका तशाच गेल्या. नंतर एकदोन गिऱ्हाइकं तसल्याच पिवळसर पत्रिका मागायला आली, तेव्हा मात्र विलासनं हात टेकले.

बाकी सगळं चालायचं त्याला, जुगाड, चुका, शिव्या. एक गोष्ट मात्र चालायची नाही. चालत्या मशीनचा पार्ट तो काढायचा नाही. भंगारात आलेलं मशीनसुद्धा खोलायच्या आधी एकदा वीज जोडून बघायचा. घरघर झाली, थोडीशी हालचाल जरी झाली, की पाना खाली ठेवायचा. "जीव हाय त्यात," म्हणायचा. साताऱ्यात एका छपाईवाल्यानं धंदा गुंडाळला, त्याचं मशीन उत्तम चाललेलं होतं, आणि तसल्या एका मोटारीवाचून जतच्या एका गिऱ्हाइकाचं अख्खं काम अडलेलं. जतचा माणूस हातापाया पडत होता. मी पण म्हटलं, अरे, त्याला विकायचंच आहे, मोटार काढ आणि दे. विलास ऐकेना. "त्ये चालतंय, आक्का. एकाला चालवायला दुसऱ्याला मारायचं, ह्यात आपली हुशारी काय?" शेवटी त्यानं ते मशीन अख्खंच्या अख्खं एका गरजूला मिळवून दिलं आणि जतवाल्यासाठी भंगार धुंडाळत राहिला. मोटार मिळाली, पण फार उशिरा. जतवाल्याचा हंगाम गेला होता. तरी तो माणूस अंत्यविधीला आला होता, कानडी-मराठीत काहीबाही बोलत माझ्याजवळ उभा होता. मला त्यातलं 'अण्णा' एवढंच कळलं, विलासला सगळी गिऱ्हाइकं तेच म्हणायची.

हा त्याचा नियम मला पूर्वी गमतीचा वाटायचा. आता नाही वाटत. मृत माणसाविषयी लिहिताना राग लिहू नये असं म्हणतात, पण मला विलासचा राग आहे, आणि तो लपवून मी काय लिहिणार?

पाय सुजायला लागले तेव्हा तो म्हणाला, उभं राहून सुजत्यात. मग चेहरा सुजला. मिरजेला दाखवलं तर दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. मग डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातले ठरलेले वार मिरज. पाणी मोजूनमापून. चहाचा एवढा शौकीन माणूस, बशीत घोटभर ओतून ती बशी कितीतरी वेळ हातात धरून बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणाची किडनी जुळत असेल तर बघा. सुनंदाला साखरेचा त्रास, ती पहिल्याच पायरीवर बाद झाली. मी म्हटलं, माझी तपासा. आमच्या घरातून कुणाची ना नव्हती. आमच्या ह्यांनी तर स्वतःच साताऱ्याहून मिरजेच्या खेपा घातल्या. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या, आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाले, जुळतेय. मला तिथं खुर्चीत बसल्या बसल्या आईची आठवण आली. जन्मभर त्यानं दुसऱ्यांना पार्ट जुळवून दिले, आता त्याचा त्याला घरातच मिळाला, असं काहीतरी मी बडबडले. डॉक्टरही हसले. विलास हसला नाही.

दवाखान्याबाहेरच्या टपरीवर आम्ही बसलो. त्यानं बशीत चहा ओतून घेतला.

"आक्का, मला न्हाई जमायचं."

"काय न्हाई जमायचं? डॉक्टर म्हणाले जुळतंय."

"जुळतंय गं. पर तू चालू हाईस."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझा आवाज इतका चढला की टपरीवाला बघायला लागला. "मी काय मशीन हाय व्हय रं?"

"मग मी तरी कुठं हाय?" तो म्हणाला. "बंद पडलेल्याची मिळाली तर घीन की. नाव घातलंय यादीत."

म्हणजे माझ्या मागे त्यानं सगळं ठरवून टाकलेलं. मेलेल्या माणसाची किडनी मिळायची वाट बघणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं होतं आणि निवांत होता. मी किती प्रकारे सांगितलं. माणसाला दोन असतात, एकावर माणूस उसाचे भारेसुद्धा उचलतो, डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. तो म्हणायचा, "दोन असत्यात म्हंजे एक स्टेपनी न्हाई." मी रडले. मी भांडले. राखी बांधायला गेले तेव्हा ओवाळणीत मला तुझा होकार पाहिजे म्हणाले, तर त्यानं माझ्या हातात साडी ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, थोरल्या बहिणीच्या डोक्यावरून. सुनंदा मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, ते भेत्यात. तुमाला काय झालं तर म्हणून." मला ते ठाऊक होतं. पण माझ्या भीतीचं काय? ती कुणी विचारात घ्यायची?

फोन वाजला की तो आधी दवाखान्याचा आहे का ते बघायचा. बहुतेक वेळा कुणाचा तरी शाई वाळवायचा हीटर गेलेला असायचा, कुणाची ट्यूब फुटलेली. डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या तो लोकांना सांगायचा, अमक्या गल्लीत जा, तमक्या भंगारवाल्याला माझं नाव सांग. ज्या फोनची तो वाट बघत होता, तो काही आला नाही. शेवटी किडनीनं नाही, हृदयानंच दगा दिला, डायलिसिसहून घरी आल्यावर, दुपारी, आडवा झाला आणि उठला नाही. सुनंदाला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, बंद पडल्यावर जे चालंल ते काढून द्या. बाकी काही देण्याजोगं उरलं नव्हतं. डोळे तेवढे दान केले.

कार्य उरकल्यावर मी सांगलीतच राहिले काही दिवस. सुनंदाला एकटीला दुकान उघडायचं बळ नव्हतं, आणि बंद शटर बघवत नव्हतं. म्हणून मी रोज उघडून नुसती बसायचे. एके दिवशी मेढ्याहून एक बाई आली. बचत गटात मधाच्या बाटल्यांची लेबलं छापते, विलासनंच तिला जुनं मशीन उभं करून दिलं होतं. पिशवीत जळका पंप. "अण्णा हायत का?" मी सांगितलं. ती मटकन पायरीवरच बसली. मग डोळे पुसून, पिशवी उचलून निघाली. पंपाचा विषयच काढला नाही तिनं.

हा पंप म्हणजे आमच्या छपाईच्या टेबलाचा श्वास. टेबलाला बारीक भोकं असतात, पंप खालून हवा ओढून घेतो आणि कागद टेबलाला घट्ट बसून राहतो. पंप नसला की फ्रेम उचलताना कागद तिच्याबरोबर वर येतो आणि अक्षरं फिसकटतात. मधाचा हंगाम तोंडावर आलेला, गटातल्या बायका हातावर हात धरून बसलेल्या, हे तिनं न सांगताच मला दिसत होतं.

"थांबा जरा," मी म्हटलं.

विलासच्या मशीनचं बटण दाबलं. पंप लगेच सुरू झाला. म्हशींची धार काढायच्या मशीनचा, त्यानंच कधीतरी आणून बसवलेला पाहुणा. बटण बंद केलं आणि भिंतीवरचा पाना काढला.

ती बाई जवळजवळ ओरडलीच. "आवं ताई, चालू हाय की त्ये! अण्णा काडू द्यायचं न्हाईत!"

"अण्णा न्हाईत," मी म्हटलं. "मी हाय. मी देतीय."

"नगं ओ..."

"घ्या. माझ्यासाठी घ्या."

पहिला नट काही केल्या सुटेना. मी गुडघ्यांवर बसले होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकत्र वाहत होतं. मग ती माझ्याशेजारी येऊन बसली, तिनं पान्यावर तिचा हात ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून तो फिरवला. बाकीचे सहज निघाले. तिनं पंप पदरानं पुसला, पिशवीत ठेवला आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं. मला म्हणायचं होतं, बाई, पाया तुमच्या पडायला पाहिजेत मी. तुम्ही घेतलंत.

परवा तिचा फोन आला, लेबलं छान निघतायत म्हणाली. विलास, तू असतास तर महिनाभर माझ्याशी अबोला धरला असतास. धर. तुझ्या नियमापुढं मी तुझ्या हयातीत हरले, पण एवढं एक देणं मला माझ्या हातानं द्यायचंच होतं रे.

साताऱ्याला परत यायच्या आदल्या संध्याकाळी दुकान झाडून घेतलं आणि त्याच्या टेबलावर तळवा टेकवला. हे टेबल चालू असताना त्यावर हात ठेवला की भोकांतून तो खाली धरून ठेवल्यासारखा व्हायचा, सोडवून घ्यावा लागायचा. आता नुसता थंड पत्रा होता. हात उचलला असता तर लगेच निघाला असता... सुनंदा दोनदा जेवायला बोलावून गेली, तरी हात तिथंच होता.