कपाळावर लिहिलेली वेळ

भूतखेत, करणी-बिरणी यावर माझा काडीचा विश्वास नाही. सासूबाई वांग्यांना दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगतात, तेव्हा सगळ्यात जास्त टिंगल मीच करते. तरी हे लिहितेय... कारण पोटात ठेवून झोप लागत नाही.

सेलूजवळ आमची तीन एकर भाजी आहे. गेल्या हिवाळ्यात भर दुपारी मी डबा घेऊन शेतात गेले. निंदणाचं यंत्र, पॉवर वीडर, आडवं पडलेलं आणि आमचे हे कोबीत उताणे. पात्यात पाय सापडून पोटरी पार फाटली होती. पण रक्त थांबलेलं होतं — मांडीला त्यांचाच खांद्यावरचा दुपट्टा करकचून बांधलेला, त्यात काडी घालून पिळलेली. आणि कपाळावर निळ्या पेनाने लिहिलेलं : ११.४०.

आसपास चिटपाखरू नव्हतं. हे अर्धवट शुद्धीत एवढंच म्हणाले, "बाई होती. झोपू नको म्हणे."

वर्ध्याला डॉक्टरांनी आधी कपाळच वाचलं. दुपट्टा कधीपासून बांधलाय ते कळलं म्हणून पाय वाचला, म्हणाले. ही तर फौजेतली पद्धत, कोणी केलं हे?

ते ऐकून सासऱ्यांनी सिस्टरबाईंचं नाव काढलं. नर्स होऊन फौजेत गेलेली आमच्या गावची पहिली मुलगी. एकाहत्तरच्या लढाईत तंबूतल्या दवाखान्यात त्यांनी जखमी जवान सांभाळले. परतल्यावर, ज्या कुष्ठरोग्यांना घरचेही शिवत नव्हते, त्यांच्या जखमा वर्षानुवर्षं फुकट धुतल्या. मला वाटलं, त्यांनीच गावातल्या कुणा बाईला शिकवलं असेल. जिने माझा संसार वाचवला तिला मला एकदा भेटायचं होतं.

म्हणून वर्ध्याजवळ पिपरी मेघेला त्यांच्या भाचीकडे गेले. सिस्टरबाई दोन वर्षांपासून लकव्याने खाटेवर. हातही उचलवत नाही, पाणीसुद्धा चमच्याने. गावाकडून भेटायला आले, एवढंच मी भाचीला सांगितलं आणि खाटेजवळ बसले.

सिस्टरबाईंनी माझ्याकडे एकटक पाहिलं. मग जड जिभेनं विचारलं, "पाय राह्यला ना त्याचा?"

भाची गोंधळली. "कोणाचा पाय, मावशी?"

"राह्यला, बाई," कसंबसं म्हटलं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले.

हे आता चालतात. त्या दुपारी आमच्या शेतात कोण आलं होतं, ते मला कळलंय असं वाटतं. पण खाटेवरून हातही न हलणारी बाई कोबीत कशी आली, ते मात्र मला विचारू नका.