चौदाव्या नियमातला ‘नाही’

डेसमंड ओलरेनशॉने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि त्यातल्या ज्या ओळीसाठी लोक त्याला ओळखायचे, नेमकी तीच ओळ त्याची नव्हती. हे मला कळलं तेव्हा तो माझ्या दुकानात, डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसला होता.

इंग्लंडातल्या न्यूअर्कला माझं चष्म्याचं दुकान छत्तीस वर्षं चाललं. सांगलीहून आलेल्या वसंत टिकेकरचा तिथे ‘वॅस’ झाला तो झालाच. डेसमंड माझं सगळ्यात चिकट गिऱ्हाईक. बॉयलरच्या कारखान्यात नकाशे काढण्यात हयात गेलेली, आणि उरलेल्या वेळात इंचभर उंचीचे शिशाचे सैनिक रंगवायचा. मुगाएवढ्या चेहऱ्यावर मिशी काढायची तर नंबर अचूक हवा. त्याचा चष्मा करता करता मी त्याच्या क्लबात कसा ओढला गेलो, ते माझं मलाच कळलं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये हिरवी चादर अंथरलेलं मोठं टेबल मांडायचं, त्यावर सतराव्या शतकातली इंग्लंडची यादवी: राजाची फौज एकीकडे, पार्लमेंटची दुसरीकडे. मोजपट्टी लावून चालायचं, फासे टाकून मारायचं. भांडण झालं की नियमांचं पुस्तक उघडायचं, आणि मग पुस्तकावरून नवीन भांडण.

ते पुस्तक डेसमंडचं. बत्तीस पानं, हिरवं कव्हर, मधोमध दोन पिना. एकतीस वर्षांपूर्वी त्याने हाताने लिहिलं आणि त्याच्या बायकोने, एनिडने टाइप केलं. गावोगावचे क्लब त्यावर खेळायचे ते मुख्यतः चौदाव्या नियमामुळे. शत्रूला पळवून लावल्यावर घोडेस्वारांनी पाठलाग करायचा की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. पाठलागाला सोडले, तर ‘ती तुकडी त्या डावात परतणार’, पण टेबलाबाहेरून परतणाऱ्या कुठल्याही तुकडीला दुसऱ्या एका नियमाने दोन फेऱ्या लागायच्याच. मधल्या वेळात तुमची बाजू उघडी. सोडावेत की धरून ठेवावेत, या एका जुगारावर सगळा खेळ चढायचा. कुठेही गेलं तरी कुणीतरी डेसमंडचा हात हातात घेऊन म्हणायचं, “चौदावा नियम! काय डोकं चालवलंयस, राजा!” डेसमंड मान खाली घालून हसायचा. आम्ही त्याला विनय समजायचो.

“मी लिहिलं होतं ‘परतणार नाही’,” तो यंत्राच्या आतून म्हणाला. “एनिडच्या हातून ‘नाही’ गळला.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“दोनशे प्रती छापून झाल्या होत्या, वॅस. तिने तीन आठवडे खपून टाइप केलेलं. कसं सांगू? आणि मग लोक वाखाणायलाच लागले.”

आता अडचण अशी झाली होती की फेनविक नावाचा एक प्रकाशक पुस्तक नव्याने, रंगीत चित्रांसकट काढणार होता. त्याला डेसमंडकडून एक जादा पान हवं होतं: चौदावा नियम मला कसा सुचला. इतकी वर्षं नुसतं गप्प राहून भागलं होतं. आता खोटं लिहून खाली सही करायची होती. खरं लिहावं, तर एनिडची चूक छापून जगजाहीर होणार. त्याने मधला रस्ता काढला: नव्या आवृत्तीत आपला मूळ ‘नाही’ परत घालायचा, म्हणजे त्या पानाची भानगडच नको.

“आधी खेळून तर बघ,” मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी तो राजाकडून, मी पार्लमेंटकडून. त्याने ‘सुधारित नियम चौदा’चा कागद टेबलावर ठेवला. तिसऱ्या फेरीत त्याच्या घोडेस्वारांनी माझी डावी बाजू साफ झोपवली आणि नियमाप्रमाणे टेबलाबाहेर पडून डब्यात गेले. मग दीड तास मी त्याच्या उरलेल्या पायदळाला सावकाश वेढत राहिलो आणि तो हात बांधून बघत राहिला. मला जिंकून इतका कंटाळा कधी आला नव्हता.

हॉलच्या कोपऱ्यात, चहाच्या खिडकीत एनिड चीजचे पाव मांडत होती. वीस वर्षांत तिने टेबलाकडे ढुंकून पाहिलं असेल असं आम्हाला वाटत नव्हतं. ती हात पुसत आली, कागद उचलून वाचला.

“हा ‘नाही’ परत घातलास वाटतं?”

डेसमंड कानापर्यंत लाल झाला.

“परत म्हणजे?”

“परत म्हणजे परत. मी काढला होता ना. पुस्तक लिहिताना तीन रविवार स्वयंपाकघरात माझ्याशी खेळून बघितलंस, आठवतंय? तुझे घोडे एकदा गेले की तू असाच फुगून बसायचास. टाइप करताना मी मनाशी म्हटलं, येऊ देत बिचारे, जरा उशिरा का होईना.”

“मला वाटलं... टाइप करताना राहिला.”

कुणीतरी हातातला फासा हळूच खाली ठेवला.

“राहिला?” एनिड म्हणाली. “चाळीस वर्षं वकिलाकडे टाइप केलंय मी, डेस. माझ्या हातून ‘नाही’ राहिला असता, तर भलती माणसं तुरुंगात गेली असती. एकतीस वर्षं तुला वाटत होतं की मी चुकले?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून मी...”

“आणि शाबासकी? तीही मला वाईट वाटू नये म्हणूनच घेत होतास?”

ती खिडकीकडे परत गेली. त्या दिवशी डेसमंडला चहा मिळाला नाही, आणि मागायची त्याची हिंमतही झाली नाही. झाकली मूठ उघडली होती. मला त्याची दया आली हे खरं, पण तिची बाजू शंभर टक्के खरी होती.

त्याने मग ते जादा पान लिहिलं. मला वाचून दाखवलं ते चारच ओळींचं: चौदावा नियम माझा नाही, माझ्या पत्नीचा आहे, तिने तो मुद्दाम बदलला, मी ती चूक समजलो आणि शाबासकी मात्र घेत राहिलो. फेनविक म्हणाला, लोकांना घरगुती लफडी नकोत, आपण एका ओळीत आभार मानू. ती ओळ डेसमंडने फोनवरून छापखान्यातल्या माणसाला सांगितली.

पुस्तकं आली ती थेट मेळाव्याच्या सकाळी, प्रकाशकाच्या टेबलावर. तीनशे प्रती. देशभरातले क्लब जमलेले, रांग लागलेली. डेसमंडने पहिली प्रत उघडली. पहिल्याच पानावर सुबक अक्षरात छापलं होतं: ‘चौदाव्या नियमाबद्दल एडविन ओलरेनशॉ यांचे आभार.’

रांगेतल्या पहिल्याच माणसाने विचारलं, “एडविन म्हणजे तुझा भाऊ का रे?”

फोनवर ‘एनिड’ ऐकू आलं नसेल असं मला वाटत नाही. नियम लिहिणाऱ्याचं नाव बाईचं असेल, हेच छापखान्यातल्या त्या माणसाच्या कानाला पटलं नसणार.

एनिडने पान पाहिलं. “एडविन तर एडविन,” ती म्हणाली, “आता सवय आहे.” आणि खुर्चीवर ठेवलेला कोट उचलला.

फेनविक घाईने म्हणाला, “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो, शप्पथ.”

“मागच्या वेळी पुढच्या आवृत्तीला एकतीस वर्षं लागली,” डेसमंड म्हणाला. त्याने खिशातून नकाशाचं काळं पेन काढलं, खुर्ची ओढली, आणि ‘एडविन’वर पट्टी लावून सरळ रेघ मारली. वर लिहिलं, एनिड. खाली आणखी एक ओळ: चूक नव्हती.

“तीनशे लिहिणार आहेस का?” फेनविक ओरडला. “रांग बघ किती आहे!”

“एकही प्रत दुरुस्त झाल्याशिवाय जाणार नाही,” डेसमंड म्हणाला. “आणि हा ‘नाही’ कुणी गाळायचा नाही.”

एनिड कोट हातात धरून उभी होती. विसावी-बाविसावी प्रत मिटताना ओली शाई पसरली. ती जरा वेळ बघत राहिली, मग कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून त्याच्या शेजारी बसली आणि लिहून झालेल्या प्रती उघड्याच आपल्याकडे ओढायला लागली.

माझा नंबर आला तेव्हा दुपार झाली होती. डेसमंडचं अक्षर तोवर तिरकं झालं होतं, पण शब्द पुरते होते. मी उगाच चष्मा पुसला. प्रत उचलून मिटायला गेलो, तर एनिडने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“थांब, वॅस,” ती म्हणाली. “लगेच मिटू नकोस. वाळू दे.”