पेंढ्याखालचं इंजिन

पर्यटकांसाठी नव्यानं सुरू झालेल्या वाफेच्या गाडीत नात चढली, आणि कोळशाच्या धुरानं मला भोरजवळच्या आमच्या खळ्यात नेलं.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा सुमार, मी नवी सून. धरण बांधताना दगडांचे डबे ओढायला आणलेलं बैलगाडीएवढं वाफेचं इंजिन खळ्यात गंजत पडलं होतं. ते शोधत एक साहेब फाट्यावर उतरल्याचं कळताच सासूबाईंनी आणि मी त्यावर पेंढा रचला.

“बागेत मुलांची गाडी करायचीय,” साहेब त्याच पेंढ्याला टेकून म्हणाला.

“हितं इंजन न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, “पयल्यांदा इंजन आलं, मागनं पाणी आलं. समदी खाचरं बुडाली.”

साहेब खरंच बोलत असावा, असं आता वाटतं. नात खिडकीतून हात हलवत होती. मी मात्र गाडीमागनं पाणी येतंय का, ते बघत होते.